संज्ञा पाठ करण्याआधी

प्रिय,

तुझ्या वहीचे फोटो पाहिले. महाकाव्य, मिथक, शोकात्मिका, हॅमार्शिया, कॅथार्सिस... प्रत्येकापुढे दोन ओळींची व्याख्या, खाली लाल रेघ. परीक्षेत मार्क मिळतील. पण वाचताना यातली कुठली संज्ञा उपयोगी पडली, हे वहीतून कळत नाही. प्रत्येकीला एक प्रश्न विचारत जा: ही ठाऊक नसती तर संहितेतलं नेमकं काय माझ्या नजरेतून सुटलं असतं?

‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात योद्धा अकिलीस रुसून बसलेला असतो, तरी कवी होमर त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो. हा कवीचा गाफीलपणा नव्हे. गाता गाता रचणाऱ्याला वृत्तात चपखल बसणारे तयार तुकडे हाताशी लागतात, असं मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने होमरच्या ओळी तपासून मांडलं होतं. मग 1930च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन त्याने वीरगीतं गाणाऱ्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि हीच रीत जिवंत चालताना ऐकली. ‘ठरीव विशेषण’ ही संज्ञा एवढ्यासाठी हवी. ती माहीत नसेल तर होमर कंटाळवाणा वाटतो.

‘मध्यातून आरंभ’, म्हणजे गोष्ट मधूनच सुरू करणं, फार घोटू नकोस. ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षाचे काही आठवडेच ‘इलियड’मध्ये आहेत, एवढं पुरे. (लाकडी घोडाही तिथे शोधू नकोस. त्याची गोष्ट होमरच्याच ‘ओडिसी’त सांगितली जाते.)

मिथकाची व्याख्या मात्र खोडून टाक. ‘देवादिकांची प्राचीन कथा’ याने काहीच हाती लागत नाही. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपसची कथा दहाएक ओळींत येऊन जाते. तिथे सत्य कळल्यावर आई गळफास घेते, पण ईडिपस दुःख भोगत थीब्जवर राज्य करतच राहतो. डोळे फोडून घेतल्याचा उल्लेखसुद्धा नाही. आता ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं ईडिपसवरचं नाटक वाच. कथा प्रेक्षकांना आधीच माहीत होती. ती कुठून उचलायची, काय लांबवायचं, कुठे थांबायचं, हे नाटककाराने ठरवलं. मिथक आणि कथानक यांतलं अंतर तिथे दिसतं.

त्याच नाटकात कलाटणी (उलथापालथ) आणि अभिज्ञान (ओळख पटणं) हेही बघ. ईडिपस जिथे वाढला त्या कॉरिंथहून दूत येतो तो चांगली बातमी घेऊन: तिथला राजा वारला, आता गादी तुझी. ईडिपसच्या मनात ‘आईशी लग्न करशील’ या भाकिताची भीती उरलेली असते. ती घालवायला दूत सांगतो, अरे, तिथली राणी तुझी आई नव्हेच, तुला तान्हा असताना मीच तिथे दिलं. धीर द्यायला उच्चारलेल्या या वाक्याने सगळं उलटतं. योकास्टाला, म्हणजे त्याच्या बायकोला आणि खऱ्या आईला, ते आधी उमगतं, ईडिपसला नंतर. उलथापालथ आणि ओळख एकाच वेळी घडतात, म्हणून शोकात्मिकेवर लिहिणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलला हे नाटक आदर्श वाटलं. हा प्रसंग मोठ्याने वाच, दोनदा वाच.

हॅमार्शियापुढे तू ‘नायकाचा स्वभावदोष’ लिहिलं आहेस. गाइडं तसंच सांगतात. ईडिपस तापट आहे, कबूल. पण तिठ्यावर ज्या म्हाताऱ्याला त्याने मारलं तो आपला बाप आहे, हे त्याला कुठे माहीत होतं? अ‍ॅरिस्टॉटलला अशी अज्ञानातून घडलेली चूक अभिप्रेत असावी, असं मला वाटतं. कॅथार्सिसवर (शब्दशः ‘शुद्धी’) वेळ घालवू नकोस. शोकात्मिकेच्या व्याख्येत तो शब्द टाकून अ‍ॅरिस्टॉटल पुढे निघून गेला आणि अभ्यासक अजून भांडताहेत. दोन मतं लिहून ठेव, बास.

‘यंत्रातून अवतरणारा देव’, म्हणजे शेवटी अचानक येऊन पेच सोडवणारा, ही संज्ञा हल्ली शिवीसारखी वापरतात. मुळात हे यंत्र म्हणजे रंगमंचावरची यारी, नटाला उचलून वर दाखवणारी. युरिपिडीज या ग्रीक नाटककाराच्या ‘मीडिया’त शेवटी देवासारखी वर दिसते ती पोटच्या मुलांना मारणारी आई, सूर्याने दिलेल्या रथात. प्रेक्षकांना काय वाटलं असेल, विचार कर.

पुढच्या पत्रात व्याख्या पाठवू नकोस. कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ काढ. कोळ्याला सापडलेली अंगठी सहाव्या अंकाच्या सुरुवातीलाच राजापर्यंत पोहोचते, त्याला सारं आठवतं, पण शकुंतला भेटते ती सातव्या अंकात. सोफोक्लीजने जे एकत्र आणलं ते कालिदासाने मुद्दाम लांब ठेवलं आहे. मधल्या जागेत तो काय करतो, ते मला पानभर लिहून कळव.

अनेक आशीर्वाद.