रेल्वे स्टेशनवर एकटं मूल सापडलं तर घरी नेऊ शकतो का?

नाही, माया कितीही वाटली तरी नाही. आधी तिथेच थांबा. आईवडील अनेकदा त्याच फलाटावर शोधत परत येतात. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला गाठा किंवा रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा, १०९८ वरही कळवा. ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे.

बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. पोलीस किंवा हेल्पलाइन मुलाला २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे नेतात. कुठे ठेवायचं हे समितीच ठरवते.

सगळ्यात मोठी चूक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याची. ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, शिवाय फोटो पाहून भलताच माणूस ‘मी काका’ म्हणत येतो. कुणी आलंच तर मूल त्याच्या हाती देऊ नका, पोलिसांकडे न्या.

मुलाला पाणी, बिस्किट द्या. खाली बसून बोला. नाव, घरची भाषा, गावाजवळची नदी किंवा देऊळ विचारा. लहान मुलं गावाचं नाव चुकीचं सांगू शकतात, म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून समितीकडे पोचवा.