गादीखालची भाकरी

"दत्तक घेतलेलं लेकरू बाहेर शहाण्यासारखं राहतं आणि घरी मलाच मारतं. माझंच काही चुकतंय का?" समुपदेशनाला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक आयाच हा प्रश्न विचारतात, तोही उठता उठता, चपलेत पाय घालताना.

औसा तालुक्यातल्या एका बाईंनीही तसाच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 91. ती 90 च्या पुढे गेली की नियमाप्रमाणे चार वर्षांच्या आतलं मूल मिळत नाही, म्हणून साडेपाच वर्षांचा मुलगा घरी आला. त्याला आपण दादू म्हणू. पहिले दोन-तीन महिने दादू इतका गुणी की शेजारणी नवल करायच्या. वाढलेलं खायचा, झोप म्हटलं की झोपायचा. मला खरं तर अशा गुणी महिन्यांचीच धास्ती वाटते. नव्या घरात मूल पाहुण्यासारखं वागतं.

मग एके दिवशी चादर बदलताना गादीखाली दीड भाकरी सापडली, वाळून कडकडीत झालेली. शेजारी गुळाचा खडा, त्याला मुंग्या. "घरात ज्वारीला कमी नाही मॅडम, मग चोरायलाय कशाला?" आजी म्हणाल्या, रक्त कुणाचं काय ठाऊक. वडिलांनी दोन थापडा दिल्या. दादू रडला नाही. रात्री आई पांघरूण घालायला गेली तेव्हा तिच्या मनगटाला कडकडून चावला.

आधी माझी चूक सांगते. मी त्यांना तक्ता करायला सांगितला: भाकरी लपवली नाही त्या दिवशी एक चांदणी. चार दिवस चांदण्या मिळाल्या. पाचव्या दिवशी कळलं की माल कडब्याच्या गंजीत हलवलाय. मीही त्याला चोरीच समजले होते. दादूच्या कागदपत्रांत दत्तक देणाऱ्या संस्थेत येण्याआधीबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, पण त्यात उपासमार होती. पुढे संस्थेत जेवण वेळेवर, पण वेळेवरच. मधल्या भुकेला उत्तर नाही. अशा लेकराच्या दृष्टीनं गादीखालची भाकरी म्हणजे उद्याची सोय.

म्हणून चांदण्या बंद केल्या आणि एक स्टीलचा डबा घ्यायला लावला. झाकणाचा, दादूच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर, फक्त त्याचा. रोज संध्याकाळी आई आणि तो मिळून भरणार: भाकरी, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-फुटाणे. कधी खाल्लं, किती खाल्लं, विचारायचं नाही. शिक्षा म्हणून डबा काढून घ्यायचा नाही, कितीही राग आला तरी.

आता मारण्याचं. बाई म्हणत होत्या, "बापाला भितो, मास्तरांना भितो, मी तेवढी सापडलेय." मला ते उलटं दिसत होतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या ओढीवर आयुष्यभर काम केलं. ज्याच्या आधारावर मूल उभं असतं, त्याच्यापासून तुटण्याची भीती रागातूनही बाहेर पडते, हे त्यांनी दाखवलं. हातोहात फिरलेलं लेकरू सगळ्यांवर चिडत नाही. जी गेली तर आपलं काही खरं नाही, तिच्यावर चिडतं. "तूपण सोडणार का?" हे विचारायला त्याच्याकडे शब्द नसतात, दात असतात.

बाईंना सांगितलं, हात धरा, म्हणा "मारू देणार नाही, पण मी इथंच बसते." आणि खरंच बसा. खोलीत कोंडायचं नाही. "परत नेऊन सोडीन" हे तर थट्टेतही नाही. आजी एकदा थट्टेत म्हणाल्या होत्या, आठवडाभर अंथरूण ओलं झालं. कान आणि झोपेची तपासणीही करून घेतली, कारण प्रत्येक चिडचिड मनातून येतेच असं नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. संस्थेच्या ताई भेटीला आल्या की हे घर "सगळं छान" म्हणायचं. खरं सांगितलं तर लेकरू काढून नेतील ही भीती. घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी ही पाहणी होते. मूल घरात रुळत नसेल तर समुपदेशनाची सोय लावणं हे संस्थेचं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं कामच आहे. पुढच्या भेटीत मनगटावरचा वण दाखवा, एवढंच मी म्हटलं. त्यांनी दाखवला. कुणी काही काढून नेलं नाही.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, सगळं घर शेतात गेलं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील झालं, आणि दादूनं दोन भाकरी शर्टात कोंबल्या. आजींनी पाहिलं आणि मान फिरवली. मारणं? शाळेला सुट्टी लागली की अजून थोडं उसळतं.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. "मॅडम, डब्यातल्या भाकरीला बुरशी आलीया. आठ दिवस झाले, झाकणसुद्धा उघडलं नाही त्यानं. टाकू का?"

म्हटलं, त्याला विचारून टाका.