ताब्याला विरोध म्हणजे ज्यूद्वेष का?

प्रश्न : दिवाळीला लक्ष्मीनगरच्या आमच्या घरी सारे कुटुंब जमले असताना पंगतीतच वाद पेटला. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशावरचा इस्रायलचा लष्करी ताबा बेकायदेशीर आहे, एवढेच मी म्हणाले. त्यावर मोठे दीर म्हणाले की हा उघड ज्यूद्वेष आहे आणि आपल्या देशाच्या धोरणालाही धरून नाही. माझी बाजू घेत मुलगा बोलून गेला, ‘ज्यूंची जातच तशी, जगाची तिजोरी त्यांच्याच हातात आहे.’ भाऊजी भरल्या ताटावरून उठले ते अजून बोलत नाहीत. माझे चुकले का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या वाक्यात द्वेष नाही. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, गोलन टेकड्या आणि सिनाई हे प्रदेश घेतले. त्यांपैकी सिनाई १९७९ च्या तहानुसार इजिप्तला परत मिळाले. वेस्ट बँकमध्ये मात्र लष्करी अंमल कायम राहिला आणि त्याच्या आधाराने ज्यू वसाहती वाढत गेल्या. ताब्यातील प्रदेशात आपले नागरिक नेऊन वसवू नयेत, असे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९ वे कलम सांगते. जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदेशीर असल्याचे मत दिले. ते मत सल्लावजा आहे आणि काही न्यायाधीशांना ते मान्य नव्हते, असा प्रतिवाद भाऊजींनी अवश्य करावा. पण तेच मत पंगतीत मांडणाऱ्याला द्वेष्टे ठरवणे अन्यायाचे आहे. देशाच्या धोरणाचे म्हणाल, तर भारताने १९५० मध्ये इस्रायलला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आणि इस्रायल व पॅलेस्टाइन अशी दोन स्वतंत्र राष्ट्रे असावीत या तोडग्याला भारताचा पाठिंबा आजही आहे.

भाऊजींच्या रागामागे ७ ऑक्टोबर २०२३ चा दिवस असू शकतो. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने त्या दिवशी इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. ताब्याविषयी बोलताना त्या क्रौर्याचा आपण निषेध केला होता का, हे एकदा आठवून पाहा.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या मुलाच्या वाक्याची, कारण ज्यूद्वेष म्हणतात तो हाच. ते वाक्य कोणत्याही सरकारच्या कृतीविषयी नाही, माणसाच्या जन्माविषयी आहे. मध्ययुगीन युरोपात ज्यूंना कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता, अनेक ठिकाणी जमीनही धारण करता येत नव्हती; त्यांतल्या काहींना सावकारीकडे ढकलले गेले आणि मग ‘तिजोरी यांच्या हातात’ हा आरोप साऱ्या समाजाला चिकटवला गेला. नाझींनी त्याच आरोपाचा प्रचार केला आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली.

आणि ‘जातच तशी’ म्हणजे नेमकी कोणाची? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायली ज्यू आपलीच मराठी बोलतात. त्यांच्या एका घरी मी मलिद्याच्या विधीला बसलो आहे : परातीत गूळ-खोबरे घातलेले पोहे, भोवती फळे, आणि एलियाहू संदेष्ट्याचे नाव घेऊन झाल्यावर वेलचीच्या वासासकट हातावर पडलेला तो प्रसाद. त्या घरातल्या आजींचा वेस्ट बँकशी काय संबंध? नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी दांपत्यासह सहा जणांना मारले गेले. ते घर निवडले गेले ते ज्यूंचे होते म्हणूनच. आत राहणाऱ्यांची मते कोणी विचारली नव्हती. मुलाला हे शांतपणे सांगा, आणि त्याला सोबत घेऊन भाऊजींकडे जा. त्याचे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने मागे घ्यावे. आपले वाक्य मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही.