थंडीत कयाकवरून गळ टाकताना

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीत जानेवारीच्या पहाटे कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवर, पाण्यापेक्षा वारा गारठवतो, तोही ओल्या कपड्यांतून. म्हणून जीन्स आणि सुती टीशर्ट घरीच ठेवा. भिजले की लवकर वाळत नाहीत. पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर विंडचीटर, कोरडा जोड ड्रायबॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत.

लाइफ जॅकेट अंगातच, पट्टे आवळून. सीटमागे खोचलेलं जॅकेट कयाक उलटल्यावर हाती लागत नाही. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, जॅकेटच्या खिशात.

नवखे हमखास फसतात ते ओहोटीत. पाणी उतरलं की कयाक चिखलात रुततो, आणि खाली उतरलात तर मांडीपर्यंत तुम्हीही. भरतीची वेळ बघून निघा, ओहोटी लागायच्या आत परता. अडकलातच तर कयाकमध्येच बसून राहा, फोन करा, भरतीची वाट बघा.

पहिल्या दिवशी गळ नकोच. तळ घट्ट असलेल्या उथळ पाण्यात, सोबत कुणीतरी घेऊन, मुद्दाम कयाक उलटवा आणि परत चढायला शिका.