गाडी सकाळी सुरू केली की इंजिनात टिक-टिक वाजतं, गरम झालं की थांबतं. मिस्त्री इंजिन खोलू म्हणतो. खोलू द्यावं का?

नका खोलू देऊ भाऊ, इतक्यात तरी नका. तुम्ही लिहिलंय की तीन सिलेंडरची पेट्रोल गाडी आहे, आठ वर्षं जुनी. रेस दिली की टिक-टिक वाढते, आणि दिग्रसहून निघाल्यावर दारव्हा यायच्या आत आवाज जातो. तुमचं अर्धं उत्तर त्या आवाज जाण्यातच आहे.

माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. आमचं गाव घाटंजीकडे. कापूस वेचणीचे दिवस होते, पहाटे चांगला गारठा. एका मिस्त्रीनं आवाज ऐकल्याबरोबर "टॅपेट" (इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) म्हटलं, वरचं कव्हर काढून गॅप सेट केला, 3,800 रुपये घेतले. दुसऱ्या सकाळी टिक-टिक जशीच्या तशी. दुसरा म्हणाला, क्रँक (इंजिनाच्या तळाचा मुख्य दांडा) काढावा लागेल. त्या रात्री मला झोप नव्हती.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वावराच्या धुऱ्यावर पडलेली ठिबकची 16 मिमीची नळी हातभर कापली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवलं. एका जागी थांबला आणि नळी माझ्या हातात दिली. लांबून टिक-टिक वाटणारा आवाज जवळून फच्-फच् असा होता, कोणी दातांच्या फटीतून फुंकर मारावी तसा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारं नळकांडं, त्याच्यावरचं पत्र्याचं कव्हर काढलं तर राखाडी हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) बोटभर काळी रेघ, दिव्याच्या काजळीसारखी. तिथला नट नुसत्या बोटांनी फिरत होता. नवं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) आणि दोन नट, एवढंच काम निघालं.

होतं असं की, थंड इंजिनात तिथे बारीक फट राहते आणि सिलेंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराचा प्रत्येक झोत त्या फटीतून फटकन निसटतो. मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट बुजते, आवाज जातो. टॅपेट ढिला असता तर बहुधा गाडी तापल्यावरही वाजत राहिला असता. म्हणून मला तुमच्या गाडीत आधी मॅनिफोल्डचाच संशय येतो. पण हे अंगावर काढू नका. तो धूर विषारी असतो, बोनेटखालून एसीच्या वाटेनं आत येऊ शकतो. दुरुस्त होईपर्यंत काचा खाली ठेवा, घरची लेकरं मागे झोपवून लांब जाऊ नका.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी सपाट जागेवर डिपस्टिक पाहा. ऑइल खालच्या खुणेजवळ असेल तर आधी ते भरा, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. आवाज दाबायला जाड ऑइल टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, तो ऐकू नका. मग गाडी सुरू करून नळी फिरवा. गळ्यातला दुपट्टा मात्र आधी काढून ठेवा, पंखा आणि बेल्ट जवळच असतात. इंजेक्टरजवळ (पेट्रोल फवारतो तो भाग) बारीक, एकसारखी कटकट ऐकू येईल, ती नेहमीचीच. प्लगजवळ फुसफुस आली तर प्लग ढिला असेल. तो इंजिन थंड असतानाच कसायचा आणि जोर लावायचा नाही, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात.

मोबाईलवर आवाज रेकॉर्डही करा. रेस न देता स्लो चालणाऱ्या इंजिनाचे मिनिटाला साधारण 800 फेरे असतात आणि टॅपेट हलवणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, त्याच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात टिक. एका सिलेंडरचा धूर निसटत असेल तरी तेवढेच, त्यामुळे नुसत्या मोजण्यावरून निकाल लावू नका, नळीवर भरवसा ठेवा. आणि गाडी उभी असताना आवाज नसेल, चालतानाच येत असेल, तर टायरच्या खाचेत गिट्टी अडकलीय का तेही पाहा.

फक्त एका आवाजाशी खेळू नका. टिक नव्हे, खोल ठक-ठक, गाडी तापल्यावर आणि चढावर वाढणारी, ती कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असू शकते. तसं वाटलं किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टोचन करून न्या, गॅरेज चार किलोमीटरवर असलं तरी.