उष्णतावहनाचं सिम्युलेशन ग्राफिक्स कार्डवर नेलं तर किती पट वेग मिळेल? १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० पुरेल, की डबल प्रिसिजनसाठी (प्रत्येक आकडा ३२ ऐवजी ६४ बिटांत ठेवायचा) महागडं कार्ड घ्यावं?

पुरेल. डबलशिवाय उत्तर खरं धरायचं नाही असं ज्यांनी तुम्हाला सांगितलंय, त्यांनी ओतकाम जवळून पाहिलेलं नसणार.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मेथड्स विभागात, म्हणजे धातू कसा ओतायचा ते ठरवणाऱ्या विभागात आहे. एका पंप बॉडीला फ्लँजच्या मुळाशी श्रिंकेज (धातू गोठताना आकसून पडणारी पोकळी) येत होतं. सिम्युलेशनची जाळी बारीक केल्याशिवाय हॉटस्पॉट, म्हणजे सगळ्यात शेवटी गोठणारी जागा, दिसेना, आणि एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आत्ताच्या तापमानावरून काढतात ती) जाळीचं माप निम्मं केलं की पेशी आठपट, टाइमस्टेप पाव, म्हणजे काम ३२ पट. रात्री रन लावून घरी जायचो, सकाळी बघावं तर कास्टिंग अजून अर्धं पातळच. म्हणून कोड सिंगलमध्ये, म्हणजे ३२ बिटांत, ३०६० वर नेला. साहेब म्हणाले, "पोरांचं गेम खेळायचं कार्ड हे. ह्याच्या भरवशावर पॅटर्नला हात लावायचा न्हाई."

मी हटलो नाही. १४०० अंशांच्या आसपास सिंगलची अचूकता अंशाच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. आपण लॅडलमध्ये (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात) थर्मोकपल बुडवून जे तापमान घेतो, तेच काही अंश इकडेतिकडे असतं. वाळू आणि धातूमधला उष्णता-संक्रमण गुणांक तर बहुतेक वेळा अंदाजानंच घालतो. शेवटी कास्टिंग बँडसॉवर कापलं. रनमध्ये जो भाग सगळ्यात शेवटी गोठला होता, तिथंच काळपट पोकळी. नख फिरवलं तर खरखर लागत होती. मग तिथं चिल (उष्णता झटपट ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसवला.

आता वेगाचं. हे काम गणितावर नाही, मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा ने-आण होतो त्यावर अडतं. दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० ची ५१ जीबी प्रतिसेकंद, ३०६० ची ३६०. म्हणजे सगळे कोअर नीट वापरणाऱ्या कोडच्या साधारण सातपट. शंभर पट सांगणारे एका कोअरशी तुलना करतात. आणि प्रत्येक स्टेपला डेटा सीपीयूकडे आणू नका. ८० लाख पेशींची एक स्टेप कार्डात पाव मिलिसेकंदाच्या आसपास उरकते, तेवढाच डेटा बाहेर काढायला दोन-तीन मिलिसेकंद जातात.

एक मात्र आहे. एका स्टेपमधला तापमानाचा बदल त्या दहा-हजारांशाहून लहान झाला, तर सिंगलमध्ये तो गायब होतो. तिथं बेरीज तेवढी डबलमध्ये ठेवा. इम्प्लिसिट सॉल्व्हर (सगळ्या पेशींची समीकरणं एकत्र सोडवणारा) असेल तर हा हिशेब लागू नाही.

तरी कुणी डबलसाठी अडून बसलंच, तर एक रन डबलमध्ये लावा, दोन्ही उत्तरांची वजाबाकी करा आणि तो आकडा थर्मोकपलच्या चुकीशेजारी मांडून त्यांच्यापुढे ठेवा. साहेबांपुढे मी तोच कागद ठेवला होता.