टीमच्या इंटरॅक्टिव्ह प्रोटोटाइपचा डेमो आणि रिपोर्ट कसा करायचा?

चौघांनी प्रोटोटाइप (वापरून बघता येईल असा नमुना) केलाय, पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे आणि रिपोर्ट अजून कोराच म्हणताय ना, मग आधी आजच प्रोटोटाइप चालतोय तोवर दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण ऐन डेमोला सेन्सर रुसतोच. वर हात धरला की लागणारा आमचा दिवा परीक्षकांसमोर लागलाच नाही, खोलीत उजेड जास्त होता एवढंच कारण, व्हिडिओनं लाज राखली.

व्हिडिओत नुसती स्क्रीन नको, वापरणाऱ्याचा हात पण दिसू दे, तो कुठे अडखळतो तेच तर बघायचं असतं. टेस्टिंगला ५ जण बसवले तरी बहुतेक अडचणी कळतात हे वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सननं २००० सालीच मांडलंय, त्यामुळे ‘लोक मिळाले नाहीत’ हे काही चालायचं नाही.

रिपोर्टमध्ये फसलेली व्हर्जन्स टाकाच, फोटो, तारीख आणि का बदललं याची एक ओळ, बस (शेवटच्या रात्री आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं). कोणी काय केलं तेही लिहा, नंतर भांडणं नकोत. आणि सुरुवातीला टीमची ओळख वगैरे राहू दे, सरळ वस्तू परीक्षकांच्या हातात द्या आणि अर्धा मिनिट गप्प बसा.